उतारा संपेपर्यंत

चपलांच्या दुकानात ती कामाला लागली तेव्हा तिला स्वतःचं धड नाव होतं. पण गिऱ्हाइकानं दारातून आत पाय टाकायचा अवकाश, की हिची नजर त्या पायावर आणि तोंडातून आकडा बाहेर. "सात. पण डावा जरा मोठा आहे तुमचा, साडेसात घालून बघा." गिऱ्हाईक आधी नाक मुरडायचं, मग घालून बघायचं आणि मुकाट्यानं पिशवी घेऊन जायचं. असं काही वर्षं चाललं आणि नाव मागं पडलं, मापवाली एवढंच उरलं. मालक मापवाली म्हणायचा, शेजारचा घड्याळजी मापवाली म्हणायचा. रस्त्यात एकदा कुणीतरी नवऱ्याला 'मापवालीचे मिस्टर' म्हणालं, तर त्यानंही घरी येऊन आठवडाभर तिला त्याच नावानं हैराण केलं.

माप काढायची ही खोड पायांपुरती राहिली असती तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. माणसांचंही माप ती असंच उभ्या उभ्या काढायची. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याचं माप मनानं चांगला, हालचालीनं गोगलगाय. लेक कॉलेजात जायची. ती डोक्यानं तल्लख, हाडानं आळशी. सासूबाई मात्र कुठल्याच मापात बसायच्या नाहीत, आणि म्हणून तिच्या डोक्याला ताप होत्या. सकाळी डोळे उघडल्यापासून त्यांचं 'अगं' सुरू व्हायचं. अगं, माझा चष्मा. अगं, खिडकी लाव. अगं, लावलीस कशाला, उकडतंय. मापवालीची जीभही काही मागं राहणारी नव्हती. दिवसभर दुकानात लोकांच्या पायाशी बसून गोड बोलायचं, ते सगळं कडू संध्याकाळी घरी निघायचं. भांडी आदळायची, दारं आपटायची, आणि मग रात्री उशीत तोंड खुपसून तिलाच वाईट वाटायचं.

वाचनाचा नाद तिला लागला तो एका निवृत्त शिक्षिकेमुळं. बाईंचे पाय सुजलेले, कुठलाच जोड आत जाईना. मापवालीनं त्यांच्यासमोर जमिनीवर बसकण मारली आणि खोक्यांमागून खोकी उघडली. शेवटी एक जोड बसला. मध्येच घरून फोन आला होता आणि तिनं त्या फोनवर सासूबाईंना चांगलंच झापलं होतं. निघताना बाई म्हणाल्या, "हात किती मऊ आहेत गं तुझे. आणि तोंड असं का?" दुसरं कुणी असतं तर मापवालीनं त्याचंही माप काढलं असतं. पण बाईंनी ते डॉक्टरनं नाडी बघून सांगावं तसं सांगितलं होतं, टोमणा नव्हता त्यात. तिला रडूच आलं.

बाईंचं एक छोटं वाचनमंडळ होतं. पाचसहा बायका आठवड्यातून एकदा जमायच्या. रोज घरी धर्मग्रंथातला एक उतारा वाचायचा आणि जमल्यावर तो आपल्या घरात कुठं उपयोगी पडला ते सांगायचं, एवढाच शिरस्ता. मापवाली गेली ती जरा तोऱ्यातच. पण दुसऱ्या तिसऱ्या आठवड्यात तिनं असं काहीतरी वाचलं, की रागात बोललेला शब्द दुसऱ्याच्या घरी जात नाही, बोलणाऱ्याच्याच घरात राहायला येतो. त्या संध्याकाळी भाजी करपली, सासूबाई "अगं, वास कसला?" म्हणाल्या, आणि हिच्या ओठांवर आलेलं उत्तर तिथंच थांबलं. तिनं गॅस बंद केला आणि म्हणाली, "करपली हो आई. दुसरी टाकते." लेकीनं पुस्तकातून मान वर काढली. "आई, बरी आहेस ना तू?"

बरी होती. खरंच बरी होती. हे सांगायलाच हवं, कारण पुढं जे झालं ते ऐकून कुणी म्हणेल, ते वाचन म्हणजे नुसतं सोंग. तसं नव्हतं. भांडी आदळायची थांबली. नवरा पूर्वीसारखा बाहेर वेळ काढत न बसता घरी यायला लागला. वाचनाचा तो सकाळचा अर्धापाऊण तास तिच्या सगळ्या दिवसाला पुरायचा, आणि दुकानात कुणी उद्धटपणे पाय पुढं केला तरी तिचा हात मऊच राहायचा.

पण चांगल्या गोष्टीचीही माणसाला ऐट चढते, आणि हिला ती जरा लवकरच चढली.

वाचायला तिनं सामानाची खोली निवडली. खोली कसली, कोनाडाच. दुकानातून आणलेली रिकामी खोकी एका बाजूला, इस्त्रीचं टेबल दुसऱ्या बाजूला, मध्ये एक स्टूल. पलीकडं बाथरूमची भिंत. तिथं बसून ती दार लावून वाचायची, ओठांतल्या ओठांत पुटपुटत. ग्रंथात खूण म्हणून बुटाची एक पांढरी नाडी. वाचून झालं की नाडी सरकवायची, ग्रंथ कापडात गुंडाळायचा, वरच्या फळीवर ठेवायचा आणि मग दार उघडायचं.

आता या घरात एवढा वेळ कोण कुणाला सुखानं बसू देणार? पहिलं पान उलटायच्या आत बाहेरून "अगं!" यायचं. चष्मा, खिडकी, औषधाची पुडी. ती उठायची, द्यायची, परत बसायची, आणि ओळ कुठं होती तेच सापडायचं नाही. तिनं मंडळात गाऱ्हाणं मांडलं. बाई म्हणाल्या, "एक नियम कर. उतारा सुरू केला की संपेपर्यंत उठायचं नाही. छोटा घे हवं तर, पण मध्ये तोडू नकोस. मन पळपुटं असतं आपलं, त्याला निमित्तच हवं असतं."

नियम साधा होता. तिनं त्याचा घरात कायदा केला. वाचन चालू असताना मिक्सर लावायचा नाही, टीव्ही नाही, जोरात बोलायचं नाही. नवरा बिचारा हत्यारांची पिशवी छातीशी धरून चोरपावलांनी बाहेर पडायचा. आणि सासूबाईंना तिनं स्पष्ट सांगितलं, "उतारा संपेपर्यंत मला हाक मारायची नाही, आई. घराला आग लागली तरच."

"लागलीच तर तुला विचारूनच लागेल ती," सासूबाई म्हणाल्या.

आणि हाका काही थांबल्या नाहीत. उलट वाढल्या. दार लावलं की पाचव्या मिनिटाला "अगं!" मापवालीनंही मग हट्टाला पेटून उपाय काढला. हाक आली की ती मोठ्यानं वाचायला लागायची. स्वच्छ, खणखणीत, भिंतीला ऐकू जाईल असं. हाक आपोआप बंद व्हायची. मंडळात तिनं हे सांगितलं तेव्हा सगळ्या हसल्या, आणि तिला वाटलं, आपण जिंकलो. माणसांचं माप काढायची तिची खोड आता भक्तीचं माप काढायला लागली होती. अमकी मध्येच उठते, तमकी पानं गाळते. आपण मात्र एकही उतारा अर्धा सोडलेला नाही.

त्या सकाळी घरात दोघीच होत्या. नवरा कुठल्याशा इमारतीत लिफ्ट अडकली म्हणून भल्या पहाटे गेलेला, लेक कॉलेजच्या सहलीला. मापवाली दार लावून बसली. जरा वेळानं भिंतीपलीकडं काहीतरी पडल्याचा आवाज आला. बादली असेल. आणि मग "अगं ए!"

ती थांबली. ओळीवर बोट तसंच ठेवून तिनं ऐकलं. पुन्हा हाक आली, "अगं..." पण या वेळी बारीक, शेवट नसलेली. ही हाक रोजच्यासारखी नाही, हे तिला कळलं. पुढं कितीही वेळा तिनं स्वतःशी वाद घातला, की कळलं नव्हतं, रोजचंच वाटलं होतं, तरी खरं हेच, की कळलं होतं. आणि कळल्याबरोबर तिच्या मनात जे आलं ते भीती नव्हती, राग होता. आजसुद्धा! घरात कुणी नाही, एवढा शांत वेळ, आणि आजसुद्धा ही बाई मला बसू देणार नाही! तिनं श्वास घेतला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

तिसरी हाक आली नाही. उतारा लांबलचक होता, तो तिनं संपवला. नाडी सरकवली. ग्रंथ गुंडाळला, फळीवर ठेवला, स्टूल आत ढकललं. मगच दार उघडलं.

सासूबाई बाथरूमच्या फरशीवर कुशीवर पडल्या होत्या. एक सपात उंबऱ्याशी, एक पायात. चेहरा पांढराफटक, ओठ घट्ट मिटलेले. मापवाली त्यांच्याशेजारी फरशीवर बसली. आणि त्याच क्षणी तिच्या तोंडून जे निघालं ते तिला आयुष्यभर पुरलं. ती म्हणाली, "अगं बाई! आई, हाक का नाही मारलीत?"

सासूबाईंनी डोळे उघडले आणि तिच्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "नाही मारली. तुझं वाचन चालू होतं ना."

खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "किती वेळ पडून होत्या?" आणि मापवाली म्हणाली, "पडल्या पडल्या धावले मी." एक खोटं बोललं की पुढची आपोआप बोलली जातात, त्याला काही कष्ट पडत नाहीत. नवरा धावत आला, त्यालाही तिनं तेच सांगितलं. त्यानं सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं, की ही घरात होती म्हणून आई वाचली. नणंद रडत गळ्यात पडली. मंडळातल्या बायका भेटायला आल्या आणि म्हणाल्या, "ऐन संकटात किती शांत राहिलीस गं! वाचनाचं बळ, दुसरं काय." ती मान खाली घालून उभी. बायकांना वाटलं, विनय.

शरम नुसती मनात राहत नाही, हे तिला तेव्हा कळलं. ती अंगात उतरते. तिला घास गिळवेना. सासूबाईंच्या खाटेपाशी बसली की त्यांच्या डोळ्यांकडं बघवेना, म्हणून ती त्यांच्या पायांकडं बघत बसायची. साडेपाच. उजव्या अंगठ्याला जुनं कुरूप. इतकी वर्षं एका घरात राहून हे कुरूप तिनं पहिल्यांदा बघितलं. आणि सारखा एकच प्रश्न डोकं कुरतडायचा: यांना आठवतंय का? 'नाही मारली' म्हणाल्या. दुखण्यात विसरल्या असतील? की सगळं लक्षात ठेवून मूग गिळून बसल्यात? विचारायची सोय नव्हती. विचारलं की सांगितल्यासारखंच होतं.

घरी आल्यावर सासूबाईंची खाट बाहेरच्या खोलीत टाकली, शेजारी वॉकर. मापवालीनं सकाळचं वाचन बंद केलं. कुणी विचारलं तर वेळ नाही म्हणायची. पण खरं म्हणजे तिला त्या फळीकडं हात न्यायची भीती वाटत होती. त्या दिवशी आपण काय वाचत होतो, हेही तिला आठवत नव्हतं. एवढं एका म्हाताऱ्या जिवाला फरशीवर ठेवून वाचलेलं, आणि त्यातला एक शब्द डोक्यात राहिला नव्हता. ग्रंथ उघडला की नाडीपाशी कळलं असतं. तिनं उघडला नाही.

आता ती उलटं करायला लागली. सासूबाई खोकल्या की धावायची. कूस बदलली की धावायची. जांभई दिली तरी दारात हजर.

"अगं, माझ्या श्वासावर पहारा बसवलाय का तू?" सासूबाई एकदा वैतागून म्हणाल्या. "सुखानं शिंकूही देशील की नाही?"

दुकानात तिचं माप चुकलं. सहाच्या पायाला तिनं आठ काढून दिला. मालक आधी हसला, दुसऱ्यांदा चुकलं तेव्हा हसला नाही. दुकानात गिऱ्हाइकाला आपले पाय दिसावेत म्हणून जमिनीलगत एक तिरका आरसा असतो. नाडी बांधायला वाकलं की त्यात तिला स्वतःचं तोंड दिसायचं. इतकी वर्षं दिसत असणारच, पण आता ती त्या आरशाकडं पाठ करून बसायला लागली.

अशातच बाईंचा फोन आला. "तुला घर सोडून येता येत नाही ना, मग या आठवड्याला मंडळच तुझ्याकडं येतंय. आणि तूच बोलायचं. दोघी नवीन येणार आहेत, त्यांना कळू दे, संकटात वाचन कसं हाताशी येतं ते."

नाही म्हणायला तोंड उघडलं आणि "बरं" म्हणाली.

मग तिनं भाषण तयार केलं. गिऱ्हाइकांच्या पायात जोडे चढवता चढवता मनात वाक्यं जुळवली. चांगली जमली होती. मन स्थिर होतं म्हणून हात थरथरले नाहीत, असं एक वाक्य तर तिला स्वतःलाच आवडलं, आणि आवडल्याची इतकी लाज वाटली की समोरच्या बाईच्या बुटाची नाडी तिनं गाठ मारून आवळली. बाई ओरडली.

ठरलेल्या दिवशी मंडळ आलं. खुर्च्या कमी पडल्या, दोघी खोक्यांवर बसल्या. सासूबाई खाटेवर उशांना टेकून, केस नीट विंचरून घेतलेल्या. लेक खाटेच्या कडेला. नवरा स्वयंपाकघरात चहा करत होता, आणि कौतुक ऐकायला कान इकडंच लावून होता. बाईंनी दोन शब्द बोलून तिला सांगितलं, "हं, सांग."

"त्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी वाचायला बसले होते," ती म्हणाली. "घरात आम्ही दोघीच. आणि तेवढ्यात..."

इथं पुढचं वाक्य होतं, आवाज आल्याबरोबर मी धावले. तोंडपाठ होतं. पण ते म्हणण्याआधी तिची नजर खाटेकडं गेली. सासूबाई तिच्याकडं बघत होत्या, बाथरूमच्या फरशीवरून बघितलं होतं तसंच. त्यात राग नव्हता, की दटावणी नव्हती. त्या नुसत्या वाट बघत होत्या. आणि मापवालीला कळलं, की यांना सगळं आठवतंय. एकूण एक आठवतंय, आणि तरीही या बाईनं इतके दिवस कुणाकडं अवाक्षर काढलेलं नाही.

"मी हाक ऐकली होती," ती म्हणाली.

कुणाला काही कळलं नाही.

"आई पडल्या तेव्हा त्यांनी मला हाक मारली. दोनदा मारली. मी ऐकली. थांबले, आणि परत वाचायला लागले. मुद्दाम मोठ्यानं. सगळा उतारा संपवला, खूण घातली, ग्रंथ गुंडाळून ठेवला, मग उठले. आणि वर त्यांनाच विचारलं, हाक का नाही मारलीत म्हणून. डॉक्टरांशी खोटं बोलले. यांच्याशी खोटं बोलले. तुमच्याशीही आज खोटंच बोलणार होते, सगळं पाठ करून ठेवलं होतं."

स्वयंपाकघराच्या दारात नवरा ट्रे घेऊन उभा होता. लेक आईकडं बघत होती आणि मग बघेनाशी झाली. दोन नव्या बायकांपैकी एकीनं पर्स मांडीवर घट्ट धरली.

बाई खुर्चीतून पुढं झाल्या. "नियम माझा होता गं. मीच तुला..."

"नियम तुमचा होता, बाई. कान माझे होते."

"झालं का बोलून?" सासूबाई खाटेवरून म्हणाल्या. "आता माझं ऐका. हिचं वाचन मी रोज ऐकायची. मला कुठं आता डोळ्यांनी वाचता येतंय! दाराबाहेर स्टूल टाकून बसायची मी. पण ही पुटपुटायची, एक शब्द नीट कळायचा नाही. मग मी हाक मारायची. हाक मारली की हिच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या आणि ही मोठ्यानं वाचायची. मग छान ऐकू यायचं."

एक बाई हसली आणि लगेच ओशाळून थांबली. मापवाली मनातल्या मनात मोजत गेली. इतके दिवस, इतक्या हाका, आणि आपण जिंकलो म्हणून मंडळात सांगितलेली ती फुशारकी.

"सरळ सांगायला काय झालं होतं, आई?" नवरा दारातून म्हणाला.

"सुनेला कसं सांगू, की तू वाच, मी ऐकते म्हणून? मग माझा मान काय राहिला? चूक माझीही आहे. उगाच हाका मारून मारून खऱ्या हाकेची किंमत मीच घालवली." त्या जरा थांबल्या. मग सुनेकडं वळल्या. "त्या दिवशी न्हाणीत पडल्या पडल्या सगळं स्वच्छ ऐकू आलं. नुसती नावं होती बघ. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा आणखी कोण. मी म्हटलं, हा वंश संपला की ती उठेल. तर मेल्यांना पोरं होतच राहिली, होतच राहिली!"

आता कुणीच हसलं नाही.

"पण तू मध्ये थांबली होतीस ना," सासूबाई हळू म्हणाल्या. "पुटपुटता पुटपुटता एकदम थांबलीस. तेव्हा मला वाटलं, आली."

त्यानंतर चहा कुणी घेतला नाही. बायका लवकरच निघाल्या. बाईंनी जाताना तिच्या खांद्यावर हात ठेवला. नवऱ्यानं थंड झालेले कप एकेक करून विसळले. हा माणूस चिडला की बोलत नाही, आणि आज तो पाठमोरासुद्धा बोलत नव्हता. लेक आजीच्या अंगावर पांघरूण घालून तिथंच बसून राहिली.

मापवाली खाटेपाशी जमिनीवर बसली. "आई, मग तुम्ही का म्हणालात, हाक मारली नाही म्हणून?"

"तुझं तोंड बघितलं मी. पडले होते मी, आणि दया मला तुझी आली." सासूबाईंनी तोंड भिंतीकडं केलं. "पण राग गेलेला नाही हां माझा. सांगून ठेवते."

"नका घालवू," मापवाली म्हणाली आणि तिथंच बसून मनसोक्त रडली.

नवरा दुसऱ्या दिवशीही गप्प होता. संध्याकाळी हत्यारं पुसता पुसता त्यानं तोंड उघडलं, आणि तेही तिच्याकडं न बघता. "लिफ्टमध्ये माणूस अडकला की आम्ही काय करतो माहितेय? दुरुस्ती नंतर. आधी खालून ओरडतो, आलो, आलो! पोचायला वेळ लागला तरी चालतं. आतल्याला तेवढं ऐकू आलं पाहिजे." एवढं बोलून त्यानं पाना पिशवीत टाकला. पुढं कित्येक दिवस त्या घरात कामापुरतंच बोलणं होतं, आणि तिनंही ते गोड करून घ्यायची घाई केली नाही.

मग एका सकाळी सासूबाईच म्हणाल्या, "अगं, त्या वंशाचं पुढं काय झालं?"

मापवालीनं फळीवरून ग्रंथ काढला. कापडावर धूळ बसली होती. सामानाच्या खोलीत न जाता ती बाहेरच्या खोलीत खाटेपाशी बसली, दार सताड उघडं. नाडीपाशी पान उघडलं. नावंच होती, पानभर नावं. ती बघताना तिच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. नाडी तिनं काढून घेतली आणि मोठ्यानं वाचायला लागली. स्वयंपाकघरात नवऱ्यानं मिक्सर लावला, तो मुद्दाम लावला की सहज, कोण जाणे. ती मिक्सर थांबेपर्यंत थांबली आणि पुढं वाचू लागली. शेवटच्या नावाचा माणूस म्हातारा झाला होता आणि घर सोडून निघाला होता, इथपर्यंत गोष्ट आली.

"अगं," सासूबाई म्हणाल्या.

त्या हातभर अंतरावर होत्या. चष्मा हवा होता की पाणी, की नुसतंच बघायचं होतं, तिला कळलं नाही. म्हातारा अजून उंबऱ्यातच होता, वाक्य अर्धं होतं. मापवालीनं ग्रंथ तसाच उघडा पालथा ठेवला आणि उठली.

"आले, आई," ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, भिंतीपलीकडच्या माणसाला ऐकू जाईल असं.